मोठी मूळ संख्या कशी तपासायची: बार्शीच्या पिनकोडपासून चार कोटी अंकांपर्यंत

सोलापूर शहराचे तीन पिनकोड घ्या: ४१३००१, ४१३००३, ४१३००५. जिल्ह्यातले आणखी काही जोडा: करमाळा ४१३२०३, अकलूज ४१३१०१, मोहोळ ४१३२१३, सांगोला ४१३३०७, बार्शी ४१३४११. यात मूळ संख्या किती? शाळेतली व्याख्या सगळ्यांना पाठ असते, की १ आणि ती स्वतः यांखेरीज विभाजक नसलेली, १ पेक्षा मोठी संख्या म्हणजे मूळ संख्या. तरीही सहा अंकी संख्या समोर आली की हात थांबतो. व्याख्या आणि तपासणी यांच्यामध्ये मोठा रस्ता आहे, आणि हा लेख त्या रस्त्याचा आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा, कारण नवशिके इथेच अडकतात. ‘ही संख्या मूळ आहे का?’ आणि ‘हिचे अवयव कोणते?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला हात न लावता मिळवता येते. संख्या फुटते हे सिद्ध होऊनही ती कुठे फुटते हे वर्षानुवर्षे कळत नाही, असे खरोखर घडले आहे.

साहित्य फार नाही: वही, मोबाईलमधली एखादी स्प्रेडशीट (एक्सेल किंवा तसले काहीही), आणि चौथ्या पायरीनंतर पायथन ही संगणकाची भाषा.

पायरी १: स्वस्तातल्या कसोट्या आधी

२, ३, ५, ७, ११, १३ यांनी आधी चाळून घ्या. एककस्थानी ५ असल्यामुळे ४१३००५ लगेच बाद. ४१३००१ च्या अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जातो. पूर्ण अवयव ३ × ३ × १०९ × ४२१. सांगोल्याच्या ४१३३०७ ची बेरीज १८, तोही बाद.

सातची कसोटी पाठ नसली तरी इथे एक सोय आहे. ४१३००० ला ७ ने पूर्ण भाग जातो (७ × ५९०००). म्हणून ४१३ ने सुरू होणाऱ्या कुठल्याही पिनकोडचे शेवटचे तीन अंकच ७ ने तपासायचे. करमाळ्याचे २०३ म्हणजे ७ × २९, तेव्हा ४१३२०३ = ७ × ५९०२९. हीच युक्ती १३ साठी: ४१३००० ला १३ ने भागून ३ उरतात, म्हणून शेवटच्या तीन अंकांत ३ मिळवून १३ ने भागा. अकलूजचे १०१ + ३ = १०४ = १३ × ८. झाले, ४१३१०१ संयुक्त. एकाच शेकड्यातल्या वा हजारातल्या बऱ्याच संख्या तपासायच्या असतील तेव्हा सुरुवातीची बाकी एकदाच काढून ठेवण्याची ही सवय पुढे फार वेळ वाचवते.

४१३००३ थोडा जास्त टिकतो. तो १९ ला पडतो: १९ × २१७३७. इथून पुढे २१७३७ फुटत नाही.

पायरी २: वर्गमूळाशी थांबा

संख्या फुटत असेल तर तिच्या दोन अवयवांपैकी निदान एक तिच्या वर्गमूळाएवढा किंवा त्याहून लहान असतो. दोन्ही मोठे असते तर गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. ४१३४११ चे वर्गमूळ ६४२.९ च्या आसपास आहे, म्हणून ६४१ या मूळ संख्येपर्यंत जाऊन थांबायचे. ६४३ चा वर्ग ४१३४४९ होतो, तो पुढे गेला. भाजक म्हणून फक्त मूळ संख्या घ्यायच्या. २ आणि ३ ने भाग जात नाही म्हटल्यावर ६ ने भागणे ही वाया गेलेली ओळ. ६४१ पर्यंत मूळ संख्या ११६ आहेत. त्यांची यादी इरॅटोस्थेनिसच्या चाळणीने (२ पासून एकेका मूळ संख्येच्या पटी खोडत जाऊन) एकदा काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर डकवा.

मोहोळचा ४१३२१३ करून बघा. ७ नाही, ११ नाही, १३ नाही… शंभराच्या आतल्या पंचवीसही मूळ संख्या संपतात. हात दुखायला लागतो आणि ‘असेल मूळ’ असे मन म्हणू लागते. पण ४४ व्या मूळ संख्येला, म्हणजे १९३ ला, ती सापडते: १९३ × २१४१. अर्ध्यावर सोडणे ही या पायरीतली सर्वात जास्त होणारी चूक. दुसरी चूक म्हणजे कॅल्क्युलेटरवर भागाकार करून दशांश बघणे. पडद्यावर पूर्णांक दिसतो तो कधी कधी गोलाकार केलेला असतो. नेहमी बाकी काढा; स्प्रेडशीटमध्ये त्यासाठी ‘मॉड’ हे सूत्र आहे.

बार्शीचा ४१३४११ मात्र ११६ च्या ११६ भागाकारांना पुरून उरतो. ती मूळ संख्या आहे. वरच्या आठ पिनकोडांत एकमेव.

हे दुर्मिळ वाटेल, पण हिशेबात बसते. मूळ संख्यांचे प्रमेय सांगते की ‘न’ या संख्येच्या परिसरात साधारण ‘न’च्या नैसर्गिक लॉगरिदमइतक्या संख्यांमागे एक मूळ संख्या असते. ४१३४११ चा हा लॉगरिदम १२.९ आहे. म्हणजे तेरा संख्यांत एक, आणि फक्त विषम संख्या घेतल्या तर साडेसहांत एक.

पायरी ३: ही रीत कुठे मोडते ते समजून घ्या

अंक दुप्पट झाले की भागाकारांची संख्या दुप्पट होत नाही, तिचा जवळपास वर्ग होतो. १०^६० (म्हणजे १० चा साठावा घात) च्या जवळची संख्या घेतली तर तिच्या वर्गमूळाखाली सुमारे १.४७ × १०^२८ मूळ संख्या आहेत. सेकंदाला शंभर कोटी भागाकार करणारे यंत्र लावले तरी ४०० अब्ज वर्षांहून जास्त लागतील. विश्वाचे वय १४ अब्ज वर्षांच्याही आत आहे. यंत्र दहापट वेगवान करून काहीच साधत नाही. रीतच बदलावी लागते.

पायरी ४: फर्माची कसोटी, वहीत

सतराव्या शतकात पिएर द फर्मा याने मूळ संख्यांचा एक गुणधर्म सांगितला. ‘न’ मूळ असेल आणि ‘अ’ला ‘न’ने भाग जात नसेल, तर अ^(न−१) ला ‘न’ने भागल्यावर बाकी १ उरते. उलट बाजूने वाचा: बाकी १ नाही आली, तर ‘न’ नक्की संयुक्त. अवयव कुठेही दिसला नसताना!

मोहोळवर लावून बघू. २^४१३२१२ ला ४१३२१३ ने भागल्यावर बाकी ८९८०० येते. १ नाही, म्हणून संख्या फुटते. १९३ चा इथे उल्लेखही नाही.

पण २ चा चार लाखावा घात काढायचा कसा? तो काढायचा नाही. प्रत्येक गुणाकारानंतर लगेच बाकी घ्यायची, म्हणजे आकडा कधीच ‘न’च्या वर जात नाही. आणि एकेक गुणाकार करायचा नाही, वर्ग करत जायचे. बार्शीच्या संख्येवर पूर्ण उदाहरण देतो. स्प्रेडशीट उघडून सोबत करा. ४१३४१० चा अर्धा २०६७०५. आपण तिथपर्यंतच जाऊ, कारण अर्ध्यावरचे उत्तर पुढच्या पायरीला लागणार आहे.

आधी घातांक अर्धा करत खाली या, अपूर्णांक सोडून द्या:

२०६७०५, १०३३५२, ५१६७६, २५८३८, १२९१९, ६४५९, ३२२९, १६१४, ८०७, ४०३, २०१, १००, ५०, २५.

आता खालून वर चढा. २^२५ = ३३५५४४३२, त्याला ४१३४११ ने भागून बाकी ६८१४१. पुढे प्रत्येक ओळीत मागच्या बाकीचा वर्ग करा आणि बाकी घ्या. त्या ओळीचा घातांक विषम असेल तर दुप्पट करून पुन्हा बाकी घ्या.

घातांक ५०: बाकी १७६९४०
१००: १४८५७०
२०१ (विषम, वर्गाची बाकी २०४७८८, दुप्पट करून): ४०९५७६
४०३: ६२२६९
८०७: ९३१८४
१६१४: ३८६६२३
३२२९: २४४३०७
६४५९: २२१०७०
१२९१९: ३००२४८
२५८३८: ४५४३३
५१६७६: ४०९७७७
१०३३५२: ३९०२१५
२०६७०५: ४१३४१०

शेवटची बाकी ४१३४१०, म्हणजे ‘न’पेक्षा एकाने कमी, गणितात तिला −१ म्हणायला हरकत नाही. तिचा वर्ग केला की १. फर्माची कसोटी पार. ११६ भागाकारांच्या जागी तेरा वर्ग, आणि संख्या मोठी होत जाते तशी ही तफावत अफाट होत जाते.

इथे काय बिघडते ते नीट पाहा. कोणताही वर्ग १७,१०० कोटींच्या वर जात नाही, म्हणजे जास्तीत जास्त १२ अंकी. एक्सेल १५ अंकांपर्यंतच पूर्णांक अचूक धरतो, तेव्हा सहा अंकी संख्येला धोका नाही. पण नऊ अंकी संख्येचा वर्ग १७-१८ अंकांचा होतो, शेवटचे अंक गुपचूप शून्य होतात आणि बाकी चुकते. कुठलाही इशारा येत नाही, उत्तर फक्त खोटे असते. सात अंकांच्या पुढे गेलात की स्प्रेडशीट बंद करा आणि पायथन घ्या. त्यात पूर्णांकाला अंकांची मर्यादा नसते. पायथनमध्ये पी-ओ-डब्ल्यू नावाचे फलन आहे, त्याला कंसात स्वल्पविराम देऊन क्रमाने तीन संख्या द्यायच्या: आधार (जिचा घात काढायचा ती संख्या), घातांक, भाजक. तिसरी संख्या विसरू नका. ती दिली नाही तर यंत्र आधी पूर्ण घात काढत बसते, आणि घातांक शंभर अंकी असेल तर मेमरी संपेपर्यंत बसूनच राहते.

पायरी ५: तोतये पकडा

बाकी १ आली म्हणजे संख्या मूळच, असे नाही. ३४१ = ११ × ३१. पण २^१० = १०२४ ला ३४१ ने भागून १ उरतो, म्हणून २^३४० ची बाकीही १. आधार २ ला फसवणारी ही सर्वात लहान संख्या. ९१ चे उलट आहे: आधार ३ ने ती पार होते (३^६ = ७२९ = ८ × ९१ + १), आधार २ ने पकडली जाते, बाकी ६४ येते. तेव्हा आधार बदलून बघावे, एवढे तर खरेच.

मात्र ५६१ = ३ × ११ × १७ सारख्या संख्यांपुढे आधार बदलूनही चालत नाही. ५६१ शी सामाईक अवयव नसलेला कुठलाही आधार घ्या, बाकी १ च. यांना कारमायकेल संख्या म्हणतात, आणि त्या अनंत आहेत हे १९९४ साली सिद्ध झाले. म्हणून फर्माची कसोटी एकटी वापरू नये. तिची सुधारलेली आवृत्ती म्हणजे मिलर–रेबिन कसोटी.

कल्पना साधी आहे. ‘न’ विषम मूळ संख्या असेल, तर ज्या संख्येच्या वर्गाची बाकी १ येते ती संख्या १ किंवा −१ च असू शकते, तिसरी नाही. म्हणून थेट न−१ व्या घाताला न जाता, न−१ मधले सगळे २ बाहेर काढा, उरलेल्या विषम घातापासून सुरू करा आणि वर्ग करत १ कुठून उगवतो ते पाहा.

५६० = १६ × ३५. २^३५ ची ५६१ ने बाकी २६३. वर्ग करत जा: १६६, मग ६७, मग १. एकाच्या आधी ६७ आहे, ५६० नाही. तोतया सापडला. इथे बक्षीसही मिळते: ६७−१ = ६६ आणि ५६१ यांचा मसावि ३३, ६७+१ = ६८ आणि ५६१ यांचा मसावि १७. आणि ३३ × १७ = ५६१. फर्माच्या कसोटीला उत्तीर्ण होणारी संख्या इथे पडली तर अवयवही हाती देते. साध्या संयुक्त संख्या मात्र बहुधा अवयव न सांगताच पडतात.

बार्शीच्या ४१३४१० मध्ये २ एकदाच आहे, म्हणून विषम घात २०६७०५. आधार २ ने −१ आला हे आपण वर पाहिले. आधार ३ ने १ येतो. १३,७३,६५३ च्या आतल्या संख्येसाठी आधार २ आणि ३ एवढे दोनच पुरतात, हे तपासून सिद्ध झालेले आहे; तेव्हा ४१३४११ साठी हा पुरावा पक्का आहे, अंदाज नव्हे. २, ३, ५, ७ हे चार आधार ३,२१,५०,३१,७५१ च्या आत पुरतात. संगणकाच्या ६४ बिटांत मावणाऱ्या कुठल्याही संख्येला ३७ पर्यंतच्या बारा मूळ संख्या आधार म्हणून पुरे.

त्यापलीकडे आधार यदृच्छेने निवडायचे. संयुक्त संख्या एका आधाराला फसवून जाण्याची शक्यता जास्तीत जास्त एक चतुर्थांश, वीस आधारांना फसवण्याची एक लाख कोटीत एकाहून कमी. मोबाईलवरून बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या आरएसए पद्धतीत २०४८ बिटांच्या किल्लीसाठी सुमारे ३०८ अंकी दोन मूळ संख्या लागतात, त्या अशाच शोधतात. ३०८ अंकी आकड्यांत साधारण ७०९ मध्ये एक मूळ. विषमच घेतले तर सरासरी ३५५ प्रयत्न. त्यातले निम्म्याहून जास्त ३, ५, ७, ११ नीच गळतात, म्हणून पहिली पायरी इथेही सुटत नाही. काम सेकंदाच्या आसपास होते. त्या दोन संख्यांचा गुणाकार मात्र परत फोडणे आजच्या संगणकांच्या आवाक्यात नाही. सुरुवातीला सांगितलेल्या दोन प्रश्नांमधल्या दरीवरच ही सुरक्षितता उभी आहे.

शक्यता नको, खात्रीच हवी, तीही कुठल्याही संख्येसाठी आणि वाजवी वेळात, असे उत्तर २००२ साली कानपूरच्या आयआयटीतून आले. मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांची ती रीत. प्रत्यक्ष कामात ती संथ असल्याने वापरतात दुसऱ्याच रीती, पण ‘मूळ आहे का’ हा प्रश्न तत्त्वतः सोपा आहे हे तिने कायमचे ठरवले.

पायरी ६: मर्सेन संख्या

आजवरच्या सर्वात मोठ्या मूळ संख्यांच्या यादीत वरच्या जागा बहुतेक एकाच घराण्याच्या आहेत: २^प − १. घातांक ‘प’ स्वतः मूळ असावाच लागतो. २^९ − १ = ५११ = ७ × ७३, कारण ९ ला ३ ने भाग जातो आणि २^३ − १ = ७ त्यात अवयव म्हणून येतोच. उलट मात्र खरे नाही, आणि ही चूक फार होते: ११ मूळ आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

या दोन अवयवांकडे बघा. २३ = २ × ११ + १. ८९ = ८ × ११ + १. ‘प’ विषम मूळ असेल तर २^प − १ चा प्रत्येक मूळ अवयव २कप + १ या रूपाचाच असतो (‘क’ म्हणजे १, २, ३… यांपैकी कोणतीही संख्या) आणि त्याला ८ ने भागून १ किंवा ७ च उरतात. म्हणून २^२९ − १ तपासताना ३, ५, ७ यांना हात लावायचा नाही. २९ च्या दुपटीच्या पाढ्यात एक मिळवत जा: ५९ (८ ने बाकी ३, सोडा), ११७, १७५ (संयुक्त, सोडा), २३३ (बाकी १, मूळ). ५३,६८,७०,९११ ला २३३ ने भाग जातो. चौथ्याच प्रयत्नात उत्तर.

असा लहान अवयव नाही सापडला तर लुका–लेमर कसोटी. ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, २^प − १ ने बाकी घ्या. हे प−२ वेळा. शेवटी ० आला तर मूळ, नाही तर संयुक्त. १२७ साठी (प = ७, पाच वेळा): ४, १४, ६७, ४२, १११, ०. मूळ. २०४७ साठी (नऊ वेळा): ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, संयुक्त. सरावाला ८१९१ घ्या (प = १३); ४ नंतरच्या अकराव्या आकड्याला ० आला पाहिजे. नाही आला तर बहुधा कुठेतरी २ वजा करायचे राहिलेत किंवा एक फेरी कमी-जास्त झाली आहे. ही कसोटी विषम ‘प’साठीच आहे, प = २ ला लावू नका.

या घराण्याचेच विक्रम का होतात, याचे एक कारण बाकी काढण्याच्या सोयीत आहे. १२७ ने भागायची गरजच नाही. १२८ ने भागा, भागाकार आणि बाकी यांची बेरीज करा. ४४८७ = ३५ × १२८ + ७, म्हणून ३५ + ७ = ४२. द्विमान पद्धतीत १२८ ने भागणे म्हणजे आकडा सात घरांवर तोडणे. दोन तुकडे करा आणि मिळवा. भागाकार कायमचा सुटला.

एदुआर लुका याने या विचाराच्या जोरावर १८७६ साली २^६७ − १ ही संख्या संयुक्त असल्याचे दाखवले. १६४४ च्या आपल्या यादीत मारँ मर्सेन याने ती मूळ म्हणून लिहिली होती. लुकाकडे अवयव नव्हते. ते १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल याने दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. मधली सत्तावीस वर्षे ती संख्या फुटते हे माहीत होते, कुठे ते माहीत नव्हते. गुणाकार स्वतः करून बघा. १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ यायला हवा, आणि तो स्प्रेडशीटमध्ये येणार नाही.

पायरी ७: न उघडता ओळख करून घ्या

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३,६२,७९,८४१ − १ ही सर्वात मोठी ज्ञात मूळ संख्या ठरली. शोधणारा ल्यूक ड्युरंट, ज्ञात मर्सेन मूळ संख्यांत ५२ वी. तिच्याविषयी वहीत बरेच काढता येते.

अंक किती? घातांकाला ०.३०१०२९९९५७ ने गुणा: ४,१०,२४,३१९.९५. पूर्णांकात एक मिळवा: ४,१०,२४,३२० अंक. पानाला ३००० अंक छापले तर १३,६७५ पाने. गुणक ०.३०१ एवढाच घेतलात तर अंकांची संख्या चार हजारांनी चुकेल, म्हणून दहा दशांश स्थळे घ्यावीत.

शेवटचे दोन अंक? २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक, २^२ पासून पुढे, दर २० घातांनी परत येतात. घातांकाला २० ने भागून १ उरतो, म्हणून २^२१ = २०९७१५२ बघा. शेवटी ५२, त्यातून १ गेला: ५१.

तिच्या जोडीची परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच येणारी, २^(प−१) ने गुणून मिळते; प = ३ ला ४ × ७ = २८ येते तशीच. तिचे अंक ८,२०,४८,६४०.

आणि द्विमान रूप? फक्त एक, एक, एक, तेरा कोटी बासष्ट लाख एकोणऐंशी हजार आठशे एक्केचाळीस वेळा. चादरीची नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागाचे पुठ्ठे सोलापुरात पाहिले असतील: प्रत्येक जागी भोक आहे किंवा नाही. ही संख्या त्या भाषेत लिहिली तर एकही जागा कोरी राहणार नाही.

पायरी ८: आपल्या संगणकाला कामाला लावा

१९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन याने सुरू केलेल्या, मर्सेन मूळ संख्या शोधणाऱ्या ‘गिम्प्स’ या प्रकल्पात कोणीही भाग घेऊ शकते. विंडोजवर ‘प्राइम९५’ हा त्यांचा मोफत प्रोग्रॅम लागतो. तो उघडल्यावर प्रकल्पात सामील व्हायचे की फक्त यंत्राची ताकद तपासायची, असे विचारतो. आधी दुसरा पर्याय निवडा आणि काही तास चालू द्या. जे यंत्र इथे चूक दाखवते ते मूळ संख्या शोधायच्या लायकीचे नाही. बहुतेक वेळा रॅम खराब असते किंवा प्रोसेसर वाजवीपेक्षा जास्त वेगाने चालवलेला असतो.

सोलापूरला एप्रिल-मेमध्ये बाहेरचे तापमान चाळीशीच्या वर असते, आणि हा प्रोग्रॅम प्रोसेसर पूर्ण क्षमतेने दिवसचे दिवस राबवतो. लॅपटॉप गादीवर किंवा चादरीवर ठेवू नका, खालची हवा अडते. पंख्यातली धूळ काढा. तापमान दाखवणारा प्रोग्रॅम शेजारी चालू ठेवा. आकडा नव्वदीकडे सरकत असेल तर कामाला लावलेल्या कोअरची संख्या कमी करा, किंवा उन्हाळ्यात फक्त रात्री चालवा. वीज गेल्याने आधीचे काम वाया जात नाही, कारण प्रोग्रॅम ठरावीक वेळाने, सेटिंगनुसार सहसा अर्ध्या तासाने, स्थिती डिस्कवर लिहितो. वारंवार वीज जात असेल तर हा वेळ दहा मिनिटांवर आणा.

पहिले काम म्हणून संभाव्य मूळ संख्येची तपासणी मागा. ही फर्माचीच कसोटी, आपण बार्शीवर केली तीच, फक्त आधार ३ आणि वर्ग कोट्यवधी. लुका–लेमरऐवजी हिला पसंती आहे, कारण हिच्यात गेर्बित्सची पडताळणी बसवता येते: मधल्याच टप्प्यावर यंत्राने एक अंक जरी चुकवला तरी ते लक्षात येते आणि काम मागच्या बरोबर टप्प्यापासून परत सुरू होते. सोबत एक पुरावा-फाईल तयार होते, म्हणजे दुसऱ्याला सगळे काम नव्याने करावे लागत नाही. तिच्यासाठी डिस्कवर जागा लागते. अकरा कोटींच्या घातांकाला एकेक मधली बाकी सुमारे १४ एमबीची, अशा २५६ जपल्या तर साडेतीन जीबी. जागा कमी दिली तरी काम होते, पडताळणाऱ्याचे कष्ट वाढतात.

‘राउंडऑफ’ची सूचना दिसली तर दुर्लक्ष करू नका. इतके मोठे गुणाकार दशांशातल्या रूपांतराने केले जातात आणि शेवटी प्रत्येक उत्तर जवळच्या पूर्णांकावर आणले जाते. फरक ०.१ असेल तर पूर्णांक कोणता याची शंका नाही. फरक ०.५ च्या जवळ गेला की वरचा घ्यावा की खालचा हे सांगता येत नाही, म्हणून ०.४० ओलांडला की प्रोग्रॅम ओरडतो. एखादी सूचना चालते. वारंवार आल्या तर यंत्र थंड करा आणि रॅम तपासा.

एका संख्येला साध्या संगणकावर बरेच दिवस लागतात आणि उत्तर जवळजवळ नक्की ‘संयुक्त’ येते. तेही नोंदले जाते. तो घातांक कायमचा निकालात निघाला. आणि ‘संभाव्य मूळ’ असे उत्तर आले, तर ते त्या क्षणी कुणाला सांगायचे नसते. २०२४ ची संख्या डब्लिनमधल्या एका ग्राफिक्स प्रोसेसरने संभाव्य मूळ म्हणून दाखवली, दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनिओतल्या वेगळ्या प्रोसेसरने लुका–लेमर कसोटीने ती मूळ असल्याचे ठरवले, आणि त्यानंतरही वेगळे प्रोग्रॅम आणि वेगळी यंत्रे वापरून पुन्हा तपासूनच २१ ऑक्टोबरला ती जाहीर झाली.